उंबऱ्यावरचा डबा

अर्जदार: मी स्वतः, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, राहणार कोल्हापूर.

जाबदार: वरीलप्रमाणे.

ज्यांच्यावर अन्याय झाला ते: आमच्या गल्लीच्या तोंडाशी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे गृहस्थ. त्यांचे नाव मला ठाऊक आहे, पण येथे लिहीत नाही. एकदा मी ते पाच प्रतींत लिहिले होते, तेवढे पुरे झाले.

साक्षीदार: एक, माझी पत्नी सौ. सुमन. दोन, झेरॉक्सवाले जमीरभाई. तिसरा साक्षीदार म्हणजे स्टीलचा एक डबा. निर्जीव वस्तूची साक्ष कोणतीही कचेरी नोंदवत नाही, तथापि वाचकांनी ती नोंदवावी.

काळ: गेल्या वर्षीच्या गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत.

विषय: मी सदर गृहस्थांविरुद्ध केलेली तक्रार, व तिच्यामुळे त्यांच्या हातून गेलेले कन्याशाळेचे काम.

"घरात कोण कोण येतंय, ते आधी सांगा."

हे सदर गृहस्थांचे पहिले वाक्य असे. संगणक बिघडला म्हणून कोणी त्यांना घरी नेले, तर यंत्राकडे पाहण्यापूर्वी ते उंबऱ्यात उभे राहून हा प्रश्न विचारीत. नवखा माणूस गोंधळून जाई. दुरुस्तीवाला आला आहे की मुलीला स्थळ घेऊन कोणी आला आहे, असा संशय यावा, असाच तो प्रश्न होता.

अंगाने सडपातळ. पूर्ण बाह्यांचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला स्वतःचा पेनड्राइव्ह. गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, सीमेलगत. त्यामुळे पुरुषाला अण्णा आणि बाईला अक्का म्हणण्याची सवय. पूर्वी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला होते. तेथे कोणा कामगाराने गाणी भरलेला पेनड्राइव्ह यंत्राच्या संगणकाला लावला आणि तीन दिवस ते यंत्र बंद पडले. "गाणी आठ हुती, अण्णा, आणि त्यांच्या आडनं आलेला चोर एकच. आठ जणांनी दार उघडून दिलं त्येला," असे ते सांगत.

त्या तीन दिवसांनी त्यांच्या आयुष्याला वळण लावले असे म्हणता येईल. कारखाना सोडून त्यांनी जिन्याखालच्या गाळ्यात दुकान काढले आणि उंबऱ्यावर लाडवांसाठी वापरतात तसला झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला. आत येणाऱ्याने चप्पल काढायची आणि जवळचा पेनड्राइव्ह डब्यात टाकायचा. मग ते एकेक पेनड्राइव्ह बाहेर काढून, वेगळ्या जुन्या यंत्रावर तपासून, पुसून, ज्याचा त्याला परत देत. एकदा एक वकीलसाहेब रागावले. आपला पेनड्राइव्ह आपण कोणाच्याही डब्यात टाकणार नाही, असे म्हणाले. सदर गृहस्थांनी हात जोडले.

"सायेब, तुमच्यावर माझा इस्वास हाय. पर तुमच्या पेनड्राइव्हची आणि माझी वळख न्हाय."

वकीलसाहेबांनी टाकला. असा नेमका युक्तिवाद मी कोर्टाच्या आवारातही फारसा ऐकलेला नाही.

आता माझ्याविषयी आवश्यक तेवढे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु गेली सव्वीस वर्षे कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझे टेबल आहे, आणि माझ्या अर्जात भाषेची त्रुटी आजवर कोणी काढलेली नाही. घरात येणारा प्रत्येक कागद, मग ते विजेचे बिल असो वा लग्नपत्रिका, त्यावर मी आवक शिक्का मारतो, क्रमांक घालतो आणि फायलीत लावतो. सुमन यावर हसते. माझे म्हणणे एवढेच की जे लेखी नाही, ते घडलेले नाही.

चार वर्षांपूर्वी मी घरी संगणक घेतला. सकाळी सहा ते नऊ मी अर्ज टाइप करतो, पेनड्राइव्हवर घेतो आणि छापण्यासाठी जमीरभाईंकडे जातो. एके सकाळी सगळ्या अर्जांच्या जागी बारीक बाण दिसू लागले. उघडायला गेले की काहीच उघडेना. मी सदर गृहस्थांना बोलावले.

ते उंबऱ्यात थांबले. "घरात कोण कोण येतंय?"

"आम्ही उभयता. तिसरे कोणी नाही," मी म्हणालो.

"असं कसं?" सुमन आतून म्हणाली. "शेजारची पूजा निकाल बघायला येती. भाचा लग्नाचं फोटो घेऊन आलता. आणि ह्यांचा तो पेनड्राइव्ह दिवसातनं चार बारी झेरॉक्सला जातोय, तो काय धुऊन आणत्यात व्हय?"

"मग दोघं कुठं, अक्का? अख्खा आठवडी बाजार येतोय की," ते म्हणाले आणि चप्पल काढून आत आले.

दीड तासात बाण गेले, अर्ज परत आले. मी विचारले की आता कोणता अँटिव्हायरस घ्यावा, त्याचे नाव सांगावे. यावर त्यांनी आणखी प्रश्न विचारले. इंटरनेटवर काय काय उघडता. अनोळखी पत्राला जोडून आलेला कागद उघडता की नाही. आणि शेवटचा प्रश्न असा:

"समजा, हे सगळं गेलं. तर कशापायी रडाल?"

 माझ्या वतीने सुमनने उत्तर दिले.

"अर्जांपायी रडत्याल. माझ्यापायी रडायचं न्हाईत एवढं."

ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, "तर अण्णा, ऐका. तुमच्या घराला इकतचा लागंना. मशीनसंगं जो आलाय तोच चालू ठेवा, रोज ताजा होऊ द्या. राखणदाराला रोजच्या रोज कळाय पायजे गावात नवा चोर कोण आलाय ते. अर्जांची एक नक्कल येगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवा. आणि राखणदार एकच असावा. दोन ठेवलासा तर ते एकमेकालाच धरत्यात."

त्यांच्या दुकानात फळीवर दोन कंपन्यांच्या अँटिव्हायरसची खोकी विक्रीस होती. मी स्वतः पाहिली होती. उन्हाने त्यांचा रंग उडाला होता. विचारले, तर म्हणाले, "हायत की. ज्येला लागतंय त्येला देतो. लई जणांस्नी लागत न्हाय."

त्यानंतर त्यांनी माझी मराठी टाइप करण्याची प्रणाली पाहिली. "हे कुठनं आणलंसा?"

ती मला एका ओळखीच्या टंकलेखकाने दिली होती. परवाना नव्हता.

"हे चोरीचं हाय, अण्णा. राखणदार कडक आला तर पहिलं ह्येलाच धरंल."

दुसऱ्यांच्या न्यायासाठी लेखणी झिजवणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात, पत्नीसमक्ष, चोरीचा माल बाळगणारा ठरवले गेले. मी मनात नोंद केली. जाताना त्यांनी वहीचे पान फाडून एक चिठ्ठी लिहिली. "वाचून ठेवा. अडलं तर उपयोगी पडंल." मी तिच्यावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि फायलीत लावली.

त्याच सुमारास कन्याशाळेच्या संगणक कक्षाची वर्षभराची देखभाल त्यांना मिळणार, असे ऐकू येत होते. मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून कक्ष दाखवला होता. ते जमीरभाईंच्या बाकावर बसून त्याविषयी सांगत, तेव्हा हातातला चहा निवून जाई. "त्या पोरींतल्या निम्म्यांच्या घरात मशीन न्हाय. पहिला हात त्या तितंच लावत्यात. पहिल्या हाताला मशीन आजारी घावली, तर पोरगी म्हणंल मलाच जमंना." दारात मोठा डबा ठेवण्याचेही ठरले होते. डबा मोठा हवा, कारण मुली अनेक, असे त्यांचे गणित होते. दुकानात दिवसाला दोन माणसे येत. शाळेचे काम हेच त्यांना हवे होते, आणि ते हातातोंडाशी आले होते.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला. विकायला माल असताना जो माणूस विकत नाही, त्याचा हेतू काय? कचेरीसमोर सव्वीस वर्षे बसल्यावर माणूस एक शिकतो. जो लहान फायदा नाकारतो, तो मोठ्या फायद्याच्या मागे असतो. म्हणून मी त्यांचा सल्ला बाजूला ठेवून रीतसर निवड करण्याचे ठरवले. तीन दुकानांकडे लेखी दरपत्रके मागितली. दोघांनी हसून परत पाठवले. तिसऱ्याने तीन कंपन्यांचे दर दिले. मी तुलनात्मक तक्ता तयार केला: कंपनी, मुदत, किती यंत्रांसाठी, मदतीचा क्रमांक मराठीत आहे किंवा कसे. रकाने आखून झाल्यावर एका कंपनीचा अँटिव्हायरस विकत घेतला. दुसऱ्या कंपनीचा पेठ वडगावच्या मेहुण्याकडे शिल्लक होता, तो त्याने दिला.

मी दोन्ही बसवले.

यामागे माझा विचार होता, आणि तो आजही मला निर्बुद्ध वाटत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एकाची साक्ष फिरू शकते, एक परगावी जाऊ शकतो. त्याअर्थी घराच्या संरक्षणासाठी एकालाच नेमणे हा निष्काळजीपणा होय. दुसरा बसवताना यंत्राने इंग्रजीत काही हरकत घेतली होती. हरकत न वाचता मी पुढे जाण्याचे बटण दाबले.

दोन दिवस यंत्र बैलाने चिखलात पाय ओढावा तसे चालले. तिसऱ्या सकाळी मी एक अर्ज उघडला. मराठीचे एक अक्षर शिल्लक नव्हते. पानभर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, आकडे. दुसरा उघडला, तसाच. तीन वर्षांचे सगळे अर्ज तसेच. विधवांचे, सातबाऱ्याचे, बदलीचे, पेन्शनचे. मी खुर्चीत बसून राहिलो. रडलो किंवा कसे, हे सुमन सांगू शकेल, पण तिने आजवर सांगितलेले नाही.

ती एवढेच म्हणाली, "त्यास्नी बोलवा."

मी बोलावले नाही. माझ्यासमोर आता सगळा कट स्पष्ट होता. यंत्राला हात लावणारा बाहेरचा माणूस एकच. अर्जांसाठी हा माणूस रडेल, हे त्यालाच सांगितलेले. मी हाताने तक्रार लिहिली. दीड पान, एकही खाडाखोड नाही. 'सदर इसमाने हेतुपुरस्सर माझ्या संगणकात दोष सोडून' असे एक वाक्य त्यात होते. ते लिहिल्यावर मला समाधान वाटले, हे मी येथे कबूल करतो. पाच प्रती काढल्या. चार निरनिराळ्या कचेऱ्यांत दिल्या. पाचवी, माहितीस्तव, कन्याशाळेच्या मोठ्या बाईंना.

जमीरभाईंनी प्रती काढताना वाचले होते. म्हणाले, "मामा, एकडाव त्येला इचारून तर बघा."

"विचारणा कचेरी करील," मी म्हणालो.

चार दिवसांनी सदर गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. हातात पाचवी प्रत होती. त्यांनी "घरात कोण कोण येतंय" असे विचारले नाही. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बाईंनी चौकशी होईस्तवर काम थांबवलंय," ते म्हणाले. मग कागदाकडे बघून म्हणाले, "अक्षर झकास हाय तुमचं."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"अर्ज गेलेले न्हाईत, अण्णा. माझी चिठ्ठी वाचलीसा न्हवं?"

"मला चिठ्ठी नको. आपला खुलासा लेखी पाहिजे. सात दिवसांच्या आत."

 "लेखीच दिलाय की," ते म्हणाले.

सुमन चहा घेऊन आली. "आत या की, भाऊजी."

"नगं, अक्का. आत आलं की परत काहीतरी बिघडतंय म्हणत्याल." त्यांनी चहा दारातच उभ्याने घेतला, कप बाहेरच्या नळावर धुऊन खाली ठेवला आणि गेले.

सात दिवस झाले, खुलासा आला नाही. आठव्या दिवशी मी स्मरणपत्र लिहायला बसलो. सोबत पुराव्याची यादी जोडावी म्हणून फाईल काढली. त्यात आमच्या विवाह वाढदिवसाच्या पत्रिकेखाली वहीचे एक फाटके पान होते. वर माझाच आवक शिक्का, माझ्याच हस्ताक्षरात क्रमांक. खाली त्यांचे अक्षर, बोटाएवढे मोठे आणि वाकडे.

"राखणदार एकच ठेवणे. दोन झाले तर एक काढणे. टायपिंगचं धरलं तर अर्जाची अक्षरं इंग्रजी दिसतील. घाबरू नये. अर्ज आहे तिथंच असतात, फक्त अक्षरं दाखवणारा गेलेला असतो. टायपिंगचं परत बसवणे, शक्यतो इकत घेऊन. जमलं नाही तर मला बोलावणे. पैसे नकोत."

मी ते दोनदा वाचले. ज्या कचेऱ्यांवर मी आयुष्यभर एकच आरोप करत आलो, की अर्ज घेतात, शिक्का मारतात आणि वाचत नाहीत, त्या कचेऱ्या त्या वेळी मला आठवल्या.

दुसऱ्या दिवशी मी टाइप करण्याची प्रणाली रीतसर विकत आणली. सुमनने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि मी एकेक बटण दाबले. बाहेरून आणलेले दोन्ही राखणदार काढले. प्रणाली बसवली. अर्ज उघडला. सगळी अक्षरे जागच्या जागी होती, काना-मात्रेसह. सुमन म्हणाली, "आता गप बसू नका. जावा."

मी गेलो. दुकानाला कुलूप होते.

जमीरभाईंनी सांगितले की ते दोन दिवसांपूर्वीच गाळा सोडून गेले. ज्याचा त्याचा पेनड्राइव्ह पुसून, ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवून गेले. मग जमीरभाईंनी झेरॉक्सच्या यंत्रामागून तो स्टीलचा डबा काढला.

"हे तुमच्यासाठी ठेवलंय. म्हणालं, अण्णांच्या उंबऱ्यावर ठेव. त्यांच्याकडं लई माणसं येत्यात."

डबा रिकामा होता. आतून पुसलेला.

मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान अर्ज आहे. मोठ्या बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मागं घेतलीत, चांगलं केलंत. पण काम दुसऱ्याला देऊन झालंय, वर्षाचा करार आहे. आणि एक सांगू? तक्रार आली होती हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. मागं घेतल्याचं मी किती जणांना सांगू?" येताना मी संगणक कक्षावरून आलो. दाराशी डबा नव्हता. चपलांची रांग होती.

चारही कचेऱ्यांत गेलो. माझ्या तक्रारीला त्याच दिवशी आवक क्रमांक मिळाला होता. मागे घेण्याच्या अर्जावर तीन ठिकाणी 'ठेवून जा' म्हणाले. चौथ्या ठिकाणी सांगितले की चौकशी सुरू आहे, मध्येच थांबवता येत नाही.

दिवाळीच्या आधी एसटीने गडहिंग्लजला आणि तेथून त्यांच्या गावी गेलो. त्यांचे थोरले बंधू गोठ्यात होते. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाले, "ह्यो इथं टिकंना. सीमेपल्याड कुठल्यातरी गावात काम धरलंय म्हणतोय. फोनचा नंबर बी बदललाय. तुमचं काय अडलंय, पावणं? मशीन बिघडलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "मशीन चांगलं चाललंय."

मी माघारीच्या अर्जाची प्रत त्यांच्या हाती दिली. सवयीने पोहोच मागणार होतो. मागितली नाही.

डबा आता आमच्या उंबऱ्यावर असतो. पूजा, भाचा, अर्ज करायला येणारी माणसे, सगळ्यांचे पेनड्राइव्ह सुमन त्यात टाकायला लावते. प्रत्येकाला ती 'घरात कोण कोण येतंय' हेच विचारते, सदर गृहस्थांच्याच सुरात. संगणकावर राखणदार एक आहे, जो यंत्रासोबत आला तोच. रोज ताजा होतो. अर्जांची नक्कल कपाटात आहे. तुलनात्मक तक्ताही मी फाडलेला नाही. फायलीत त्यांच्या चिठ्ठीखाली तो लावला आहे, जेणेकरून पुढे कोणी उघडली तर दोन्ही एकत्र वाचावीत.

सबब वाचकांस विनंती की, सीमेलगतच्या कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानाच्या उंबऱ्यावर झाकणाचा डबा दिसला, आणि आतला माणूस यंत्र पाहण्याआधी आपल्या घरात कोण कोण येते हे विचारू लागला, तर त्यांस कळवावे: तक्रार खोटी होती, ती मी लिहिली, चिठ्ठी मिळाली होती व ती मी वाचली नव्हती. कन्याशाळेचा करार या दिवाळीला संपतो. मोठ्या बाईंना मी दर महिन्याला भेटतो आणि त्या आता मला बसा म्हणतात.

त्यांचे उत्तर मिळावे, ही प्रार्थना. ते लेखीच असावे असा आग्रह नाही. दारात उभे राहून तोंडी सांगितले तरी चालेल.